‘स्मरणरंजन’ हा शब्द ‘सिनेमा पॅराडिसो’ला पुरा पडत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या परदेशी चित्रपटांची ओळख करून देणाऱ्या लेखात ‘सिनेमा पॅराडिसो’ या इटालियन चित्रपटाचा विषय ‘निखळ स्मरणरंजन’ या दोन शब्दांत आटोपलेला वाचला. लेखकाने चित्रपटाविषयी वाईट काहीच लिहिलेले नाही, उलट तो मन प्रसन्न करतो असे प्रशस्तिपत्रच दिले आहे. तरीही गेली २८ वर्षे ज्या चित्रपटावर माझा जीव जडला आहे त्याला हा शब्द लावलेला पाहून मी अस्वस्थ झाले आणि त्याचे कारण सविस्तर सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

‘नॉस्टॅल्जिया’साठी आपल्याकडे ‘स्मरणरंजन’ हा शब्द रूढ झाला आहे. गोड आणि सुटसुटीत शब्द आहे, पण मूळ शब्दातला महत्त्वाचा अर्धा भाग त्यातून निसटला आहे. योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात हा शब्द घडवला, तो एका आजाराचे नाव म्हणून. ग्रीक भाषेतील ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणे आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना हे दोन शब्द त्याने जोडले होते. घरापासून लांब राहावे लागलेली माणसे झुरून झुरून खरोखर अंथरूण धरतात, अशी ती कल्पना होती. त्यात रंजन कुठेच नव्हते. बरोबर ३०० वर्षांनी, १९८८ मध्ये, ज्युझेप्पे तोर्नातोरे या सिसिलीच्या ३२ वर्षांच्या दिग्दर्शकाने हा चित्रपट पडद्यावर आणला, आणि माझ्या मते तो त्या शब्दाच्या मूळ अर्थाला ‘स्मरणरंजन’ या शब्दापेक्षा फार अधिक प्रामाणिक आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा सांगते. रोममध्ये नामवंत झालेल्या साल्वातोरे या दिग्दर्शकाला एका रात्री निरोप मिळतो की, गावाकडचा आल्फ्रेडो गेला. त्या गावात त्याने ३० वर्षांत पाऊल ठेवलेले नाही. तो रात्रभर जागा राहतो, आणि त्या जागरणात आपल्याला दिसते ते दुसऱ्या महायुद्धानंतरचे सिसिलीतले जानकाल्दो हे काल्पनिक गाव, त्या गावातले ‘पॅराडिसो’ हे एकमेव चित्रपटगृह, तिथला प्रोजेक्शनिस्ट आल्फ्रेडो, आणि चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या हाताखाली काम करता करता उभ्या उभ्या डुलक्या घेणारा ‘तोतो’, म्हणजे लहानपणीचा साल्वातोरे. पोराला प्रोजेक्टरच्या केबिनचे वेड लागते, आल्फ्रेडो त्याला हाकलून देतो, पोरगा पुन्हा येतो, आणि शेवटी प्राथमिक परीक्षेच्या वर्गात बालकांबरोबर बाकावर बसलेल्या प्रौढ आल्फ्रेडोला उत्तरे पुरवण्याच्या बदल्यात तो प्रोजेक्टर चालवायची विद्या पदरात पाडून घेतो.

इतकेच पाहिले तर हा प्रसंग हसू आणणारा आहे, आणि तो हसवतोही. मात्र पॅराडिसो ज्या गावात उभे आहे तिथले दिवस कुणालाही परत यावेसे वाटण्यासारखे नाहीत. तोतोचे वडील रशियाच्या आघाडीवरून परतलेले नाहीत. आई एकटीने दोन मुलांना वाढवते आहे. दुधासाठी दिलेले पैसे पोराने तिकिटावर उडवले म्हणून ती त्याला चित्रपटगृहाबाहेर, भर चौकात मारते, आणि आल्फ्रेडो खुर्च्यांखाली ५० लिरा सापडल्याचे खोटेच सांगून तिच्या हातात पैसे ठेवतो. ती मारते त्यामागे राग कमी आणि दुसऱ्या दिवशीच्या दुधाची चिंता अधिक आहे, हे पहिल्यांदा पाहताना माझ्या लक्षात आले नव्हते. स्वतःच्या संसारात महिनाअखेर पाहिल्यावर ते आले. पुढे पती मरण पावल्याचे अधिकृतपणे कळते तेव्हा ती मुलाचा हात धरून, रडत, बॉम्बने पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांमधून चालत असते, आणि वडिलांचा चेहराही न आठवणारा तो मुलगा वाटेत एका भिंतीवरच्या भित्तिपत्रकातल्या क्लार्क गेबलकडे पाहून हसतो, कारण वडील त्याच्यासारखे दिसायचे असे त्याला सांगितलेले असते. आईचे रडणे आणि मुलाचे हसणे एकाच रस्त्यावर, एकाच वेळी आपल्यासमोर येते. याला प्रसन्न कसे म्हणावे, हे मला खरोखर कळत नाही.

आल्फ्रेडोच्या कामाकडेही पाहावे. त्याच्या केबिनमधील फिल्म सेल्युलोज नायट्रेटची आहे. हा पदार्थ असा की एकदा पेटला की विझवणे जवळजवळ अशक्य, कारण जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन तो स्वतःच पुरवतो आणि पाण्यातसुद्धा जळत राहतो. उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापणाऱ्या, हिवाळ्यात गोठवणाऱ्या त्या खोलीत वर्षानुवर्षे एकटे उभे राहायचे, आणि सणावारी सगळे गाव मजा करत असताना गुड फ्रायडे वगळता एकही सुट्टी घ्यायची नाही, असे हे काम आहे. म्हणूनच तो तोतोला आधी त्यापासून दूर ठेवू पाहतो. एका रात्री, जागेअभावी आत न येऊ शकलेल्या लोकांसाठी तो प्रोजेक्टरसमोरची काच वळवतो, चित्र केबिनच्या भिंतीवरून सरकत खिडकीबाहेर जाते आणि चौकातल्या एका घराच्या भिंतीवर उमटते. मी पाहिलेल्या सर्व चित्रपटांतील आनंदाच्या क्षणांत याला तोड नाही. आणि त्याच रात्री फिल्म पेटते, आल्फ्रेडोची दृष्टी जाते, आणि एवढासा तोतो त्याला जिन्यावरून ओढत खाली आणतो. पुढे न पेटणारी फिल्म येते, तेव्हा आंधळा आल्फ्रेडो प्रगती नेहमी फार उशिरा येते अशा अर्थाचे काहीतरी म्हणून गप्प बसतो. कोडॅकने नायट्रेट फिल्मचे उत्पादन १९५१ च्या सुमारास थांबवले. त्याआधी जगभरातल्या किती केबिनमध्ये किती माणसे होरपळली असतील, हा विचार त्या एका संवादानंतर माझ्या मनातून गेलेला नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा पुढेच आहे. तरुण साल्वातोरे गाव सोडतो तेव्हा स्टेशनवर आल्फ्रेडो त्याला बजावतो की, परत येऊ नकोस, आमचा विचार करू नकोस, पत्र लिहू नकोस, आठवणींच्या मोहाला बळी पडू नकोस, आणि न राहवून आलासच तर माझ्या दारी येऊ नकोस, मी आत घेणार नाही. ज्याने त्याला बापाची माया दिली तोच माणूस हे सांगतो आहे. ज्या चित्रपटाला आपण स्मरणरंजनाचा नमुना म्हणतो, त्यातले सर्वांत शहाणे पात्र आठवणींविरुद्ध इतक्या कठोरपणे बोलते, आणि चित्रपट त्याचे म्हणणे खोटे ठरवत नाही. साल्वातोरे त्याचे ऐकतो, मोठा होतो, आणि त्या मोठेपणाची किंमतही आपल्याला दिसते: रोममधल्या त्याच्या घरी आईने फोन केला की दर वेळी वेगळ्या स्त्रीचा आवाज ऐकू येतो आणि त्यांपैकी एकाही आवाजात आपल्या मुलावरचे प्रेम तिला जाणवलेले नाही, असे आई त्याला शांतपणे सांगते. आल्फ्रेडोचा सल्ला बरोबर होता की चूक, याचे उत्तर चित्रपट देत नाही, आणि २८ वर्षांत मलाही ते सापडलेले नाही.

तो घरी परततो ते दृश्य मी किती वेळा पाहिले असेल याची मोजदाद नाही. म्हातारी आई वरच्या खोलीत विणत बसली आहे. दारावरची घंटा वाजते. तोतोच आला, हे तिला पाहण्याआधीच कळते. ती लगबगीने उठते, आणि लोकरीचा धागा तिच्या कपड्यात अडकून तिच्याबरोबर जातो. कॅमेरा तिच्या मागे जात नाही. तो त्या विणकामावर थांबतो. ती जिना उतरत जाते तसतशी वीण एकेक ओळ उसवत राहते, सरसर, सरसर, आणि मग धागा थांबतो. म्हणजे ती दारात पोहोचली. मायलेकरांची भेट आपण नंतर खिडकीतून, वरून, लांबूनच पाहतो. मी स्वतः २१ व्या वर्षी घर सोडले. सुरुवातीला आई फोनवर दर आठवड्याला ‘कधी येतेस?’ असे विचारायची आणि मग कधीतरी तिने ते विचारणे बंद केले, नेमके कधी ते माझ्या लक्षातही आले नाही. त्या उसवणाऱ्या धाग्याकडे पाहताना ते माझ्या लक्षात आले. चित्रपट संपल्यावर मी तिला फोन लावला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

या चित्रपटाच्या दोन आवृत्त्या बाजारात आहेत, याचा उल्लेख लेखात नसणे ही मला मोठी उणीव वाटली. नोव्हेंबर १९८८ मध्ये इटलीत प्रदर्शित झाला तेव्हा तो १५५ मिनिटांचा होता आणि साफ पडला. सिसिलीतच, मेस्सिना शहरातील एका चित्रपटगृहाच्या मालकाने प्रेक्षकांना आधी फुकट आत सोडून, आवडला तर नंतर पैसे द्या असे सांगितले आणि तिथे मात्र तो चालला, ही हकीकत मला या चित्रपटाच्या कथेइतकीच प्रिय आहे. निर्माते फ्रांको क्रिस्ताल्दी यांच्या आग्रहाने तो कापून १२४ मिनिटांचा करण्यात आला. त्याच रूपात त्याला १९८९ मध्ये कान महोत्सवात परीक्षकांचे विशेष पारितोषिक विभागून मिळाले, १९९० मध्ये परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले आणि जगाने तो डोक्यावर घेतला. पुढे २००२ मध्ये सुमारे १७३ मिनिटांची लांब आवृत्ती परदेशांत प्रदर्शित झाली. मी पहिल्यांदा एका फिल्म सोसायटीत छोटी आवृत्ती पाहिली होती. पुष्कळ वर्षांनी, न पारखता विकत आणलेली डिस्क लांब आवृत्तीची निघाली. तीत साल्वातोरेची तरुणपणीची प्रेयसी एलेना पुन्हा भेटते आणि त्यांची ताटातूट का झाली याचा उलगडा होतो. तो काय आहे ते मी इथे सांगत नाही. एवढेच म्हणते की त्यानंतर आल्फ्रेडो हा माणूस पूर्वीसारखा राहत नाही. ती आवृत्ती वाईट आहे असे मी म्हणणार नाही, काहींना तीच अधिक सच्ची वाटते आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु छोट्या आवृत्तीत एलेना पुन्हा येतच नाही, का ते कळत नाही, आणि आयुष्यात बहुतेकदा असेच होते. ज्या जखमेचे कारण कळले तिच्यावर खपली धरते; हिच्यावर धरत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याने छोटीच आवृत्ती पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाषेविषयीही लिहायला हवे. त्याच डिस्कमध्ये इंग्रजी उपशीर्षके संवादांच्या मागे पडत होती. पात्र बोलून निघून जाई आणि मग त्याचे वाक्य खाली उमटे. वैतागून मी ती बंद केली आणि तीन तास नुसते इटालियन ऐकले. पाठ झालेला चित्रपट असल्याने काही अडले नाही, पण त्या दिवशी मला एक गोष्ट प्रथमच ऐकू आली. आल्फ्रेडोच्या अंत्ययात्रेत साल्वातोरेला पॅराडिसोचा म्हातारा झालेला मालक भेटतो आणि त्याच्याशी अतिशय अदबीने बोलतो. इटालियनमध्ये आपल्यासारखेच एकेरी आणि आदरार्थी असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यातला एकेरी शब्द तर उच्चारानेही आपला ‘तू’च आहे. साल्वातोरे त्याला विचारतो की, तुम्ही मला असे परक्यासारखे का बोलता, पूर्वी असे नव्हते. एवढ्या मोठ्या माणसाला एकेरी हाक मारणे जड जाते, असे काहीतरी म्हणून म्हातारा थांबतो, आणि मग हळूच ‘तोतो’ म्हणतो. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने उपशीर्षकांत हा प्रसंग पुसट होऊन गेला होता. मराठी माणसाला मात्र तो समजावून सांगावा लागत नाही. आपण ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळलो त्यांनी एके दिवशी आपल्याला ‘अहो’ म्हणावे, यातले अंतर आपल्या भाषेत प्रत्येकाने कधी ना कधी अनुभवलेले असते.

(आल्फ्रेडोचे काम करणारे फिलिप न्वारे आणि प्रौढ साल्वातोरे झालेले जाक पेरँ हे दोघेही फ्रेंच होते व त्यांचे इटालियन आवाज दुसऱ्यांचे आहेत, हे मला खूप उशिरा कळले. तोतो झालेला साल्वातोरे काशो मात्र पालात्सो आद्रियानो या गावचाच मुलगा, ज्या गावाच्या चौकात पॅराडिसोचा देखावा उभारून चित्रीकरण झाले.)

चित्रपटगृहाचा शेवटही लेखात ‘हळवा’ म्हणून उल्लेखिला आहे. मालक सांगतो की लोक येईनासे झाले, दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ आले, सहा वर्षांपासून कुलूप आहे, आता नगरपालिका इथे वाहनतळ बांधणार. हे नुसते कथेतले दुःख नाही. इटलीत १९५५ मध्ये चित्रपटांची ८१ कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली होती. १९७६ मधील घटनात्मक न्यायालयाच्या निकालाने खासगी स्थानिक दूरचित्रवाणीला वाट मोकळी झाली, आणि तोर्नातोरे हा चित्रपट करत होते तोवर हा आकडा दहा कोटींच्याही खाली गेला होता. स्वतः तोर्नातोरे यांनी आपल्या बागेरिया या गावात चित्रपटगृह बंद पडताना पाहिले होते, आणि तिथले छायाचित्रकार व प्रोजेक्शनिस्ट मिम्मो पिंटाकुदा यांच्याकडून लहानपणी बरेच काही शिकले होते. इमारत कोसळते तेव्हा चौकातली तरुण मुले हसत असतात आणि वृद्धांचे डोळे भरून येतात. कॅमेरा दोघांकडेही सारख्याच नजरेने पाहतो, त्या मुलांना दोष देत नाही. ज्याला नुसते हळवे करायचे असते तो दिग्दर्शक इतका न्यायाने वागत नाही.

आणि शेवटचे रीळ. पॅराडिसो पूर्वी चर्चच्या ताब्यात असते. नवा चित्रपट आला की पाद्रीबाबा एकटे बसून तो आधी पाहत, चुंबनाचे दृश्य आले की हातातली घंटा वाजवत, आणि आल्फ्रेडो त्या जागी रिळात कागदाचा कपटा खोचून नंतर तेवढा तुकडा कापत असे. कापलेले तुकडे पुन्हा जोडून पाठवायचे असतात, पण सगळेच जोडणे जमत नाही. छोटा तोतो ते मागतो. आल्फ्रेडो म्हणतो की ते तुझेच, मी तुला दिले, पण सांभाळीन मी. केबिनमधल्या आगीत, दृष्टी गेल्यावर, आगीनंतर पुन्हा बांधलेल्या नव्या पॅराडिसोत, पोरगा ३० वर्षे तोंड दाखवत नसतानाही, हा शब्द त्याने पाळलेला असतो. अंत्ययात्रेनंतर साल्वातोरेला एक रीळ मिळते. रोममधल्या रिकाम्या प्रेक्षागृहात तो एकटा बसून ते पाहतो, आणि एकामागून एक सगळी कापलेली चुंबने पडद्यावर येत राहतात. एन्यो मोरिकोने यांच्या पार्श्वसंगीतातील जी प्रेमाची धून तेव्हा वाजते ती त्यांचा मुलगा आंद्रेआ याची आहे. एकही संवाद नाही. परत येऊ नकोस म्हणणाऱ्याने त्याच्यासाठी काय जपून ठेवले होते, ते साल्वातोरेला तिथे, परतण्याची वेळ टळून गेल्यावर कळते. तो हसतो आणि रडतो, आणि दोन्हींपैकी कोणते आधी हे मला दर वेळी वेगळे दिसते.

म्हणून माझी आपल्याकडे विनंती आहे की, या चित्रपटाविषयी पुन्हा कधी छापाल तेव्हा ‘स्मरणरंजन’ या शब्दावर भागवू नये. मराठीत दुसरा शब्द हवा असेल तर ‘गतकातरता’ आहे, आणि ‘कातर’ या शब्दात ती मूळची वेदना निदान शिल्लक आहे. त्याचबरोबर चित्रपटाच्या नावापुढे १२४ मिनिटे की १७३ मिनिटे हे आवर्जून द्यावे आणि तो मूळ इटालियन संवादांसह पाहावा अशी एक ओळ जोडावी, म्हणजे आपला लेख वाचून तो शोधायला निघालेल्या वाचकाच्या हाती पहिल्यांदाच योग्य रीळ पडेल.

आपली नम्र,
एक नियमित वाचक